झाडू कोणाच्या हाती? : मराठी तुरुंगकथनांचे एक वाचन

तुरुंगात लिहिलेले साहित्य आणि तुरुंगाचे साहित्य या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा भेद मराठी समीक्षेने फारसा मनावर घेतलेला दिसत नाही. तुरुंगात जन्मलेल्या मराठी ग्रंथांचा विषय निघाला की तीन नावे तत्काळ पुढे येतात. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लोकमान्य टिळकांनी लिहिलेले ‘गीतारहस्य’. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी दर रविवारी दिलेली आणि साने गुरुजींनी उतरवून घेतलेली ‘गीता प्रवचने’. आणि आमच्या नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत साने गुरुजींनी लिहून काढलेली ‘श्यामची आई’. तिन्ही ग्रंथ मराठी घराघरांत पोहोचले. परंतु या तिन्हींत तुरुंग नाही. कैदी केव्हा उठतो, त्याला पाणी किती मिळते, भाकरी कशी असते, बराकीचे दार सायंकाळी बंद झाल्यावर सकाळपर्यंत साचलेला मैला कोण उचलतो, याविषयी हे ग्रंथ बोलत नाहीत. त्यांचा विषय तो नव्हता, हे आम्ही मान्य करतो. लेखकाने न निवडलेल्या विषयाबद्दल त्याला दोष देणे ही समीक्षा नव्हे. परंतु वाचकाने प्रश्न विचारूच नये, असेही नाही.

आमचा प्रश्न साधा आहे. ज्या इमारतीत हे ग्रंथ लिहिले गेले त्या इमारतीतील झाडू कोणाच्या हाती होता?

या प्रश्नाचे उत्तर इतिहासात नोंदलेले आहे आणि ते कैद्यांच्याच निमित्ताने बाहेर आले आहे. १९३२ सालच्या अखेरीस कोकणचे गांधी म्हणून ओळखले जाणारे अप्पासाहेब पटवर्धन रत्नागिरीच्या तुरुंगात होते. त्यांनी तुरुंगाधिकाऱ्यांकडे भंगीकाम मागितले. त्यांना नकार मिळाला. कारण तुरुंगाच्या नियमांप्रमाणे ते काम विशिष्ट जातींच्या कैद्यांचे होते. ब्राह्मण कैद्याला ते देता येत नव्हते. अप्पासाहेबांनी अन्न कमी केले. ही वार्ता येरवड्यास पोहोचली तेव्हा गांधीजींनी सहानुभूतीदाखल ३ डिसेंबर १९३२ रोजी उपवास आरंभिला आणि सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिल्यावर तो सोडला. आमच्या वाचकांना येरवडा तुरुंग म्हटला की प्रथम २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार आठवतो. हा दुसरा प्रसंग त्यानंतर अवघ्या दहा आठवड्यांनी घडला, हे मात्र क्वचितच कोणाच्या ध्यानात असते.

अप्पासाहेबांच्या प्रामाणिकपणाविषयी आम्हांस शंका नाही. त्यांनी पुढील आयुष्यभर सफाईच्या प्रश्नावर काम केले. तथापि या प्रसंगाची मांडणी नेहमी एका बाजूने होते. एका ब्राह्मणाने झाडू मागितला, ही त्यातील कथा. ज्याच्या हाती झाडू नियमानेच दिलेला होता, त्याने तो खाली ठेवावयाचे म्हटले असते तर काय झाले असते? त्याने आम्हांस मुदपाकखान्यात काम द्या, असे म्हटले असते तर? त्याच्यासाठी कोणी उपवास केला नसता. त्याच्या मागणीस सत्याग्रह हे नावही मिळाले नसते. तुरुंगाच्या भाषेत तो कामचुकारपणाचा गुन्हा ठरला असता आणि त्यास वेगळी शिक्षा झाली असती. झाडू हाती घेण्याचे स्वातंत्र्य आणि झाडू खाली ठेवण्याचे स्वातंत्र्य यांत अंतर आहे. पहिले आत्मशुद्धीचे साधन होऊ शकते. दुसऱ्यास मनुष्याचा हक्क म्हणतात. मराठी तुरुंगसाहित्याने पहिल्याची नोंद आदराने ठेवली, दुसऱ्याची ठेवली नाही.

आणखी एक गोष्ट येथे बोलून टाकणे प्राप्त आहे. गीतेवरील मराठीतील दोन सर्वांत प्रभावी विवेचने तुरुंगात सिद्ध झाली. चातुर्वर्ण्य गुणकर्मांवर आधारलेले आहे की जन्मावर, या वादात आपल्या विद्वानांनी अनेक ग्रंथ खर्ची घातले. परंतु त्या काळच्या तुरुंगाच्या कामवाटपात हा वाद कधीच निकालात निघालेला होता. दारावर जात विचारावयाची आणि जातीवरून काम द्यावयाचे, हा तेथला नित्यक्रम होता. गुणाची चौकशी नव्हती. कर्माची चौकशी न्यायालयात झालेलीच होती.

आता ‘श्यामची आई’कडे येऊ. या पुस्तकात एक आश्रम आहे, तेथे रात्री मंडळी जमते आणि श्याम आपल्या आईच्या आठवणी सांगतो. अशा ४२ रात्री आहेत. हे पुस्तक ज्या रात्रींत लिहिले गेले त्या मात्र कोठडीच्या रात्री होत्या. कुलूपबंद रात्रीचे रूपांतर लेखकाने आश्रमातील रात्रीत केले. या रूपांतरात त्यांचे मन कोठे होते ते कळते, आणि त्यांच्यासोबत कुलूपबंद असलेली इतर माणसे पुस्तकातून कशी गळून पडली तेही कळते. पुस्तकात एका म्हातारीची मोळी उचलून देण्याचा प्रसंग आहे. ती जातीने महार. श्यामची आई मुलाला सांगते की तिला मोळी डोक्यावर उचलून दे आणि मग घरी येऊन स्नान कर. आमच्या पिढीतील अनेकांनी हा प्रसंग शाळेच्या वर्गात बसून ऐकला आहे. वर्गातील इतर मुलांना त्यात करुणा दिसली. आमच्या मुलांना ते स्नान दिसले. दोन्ही तेथे आहेत, हे प्रांजळपणे म्हटले पाहिजे. पुढे १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांस खुले व्हावे म्हणून गुरुजींनी प्राण पणाला लावले, तेव्हा ते स्नान त्यांनी स्वतःच मागे टाकले होते. परंतु फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात, ते स्नान अजून पुस्तकात होते.

आणि तुरुंगाबाहेर, त्याच नाशिकमध्ये, काळारामाचे दार अजून बंद होते. २ मार्च १९३० रोजी परमपूज्य बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला सत्याग्रह पुढील काही वर्षे खंडशः चालू राहिला. दुसऱ्या दिवशी मंदिराच्या दारांवर बसलेल्या पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. कर्मवीर दादासाहेब गायकवाड आणि त्यांचे सहकारी या लढ्यात पकडले गेले, त्यांना शिक्षा झाल्या. राष्ट्रीय सत्याग्रही आणि काळारामाचे सत्याग्रही एकाच काळात, एकाच सरकारचे कैदी होते. पहिल्यांच्या तुरुंगवासातून ग्रंथ निर्माण झाले आणि ते अभ्यासक्रमांत गेले. दुसऱ्यांच्या तुरुंगवासाला मराठी वाङ्मयाच्या इतिहासात पान मिळाले नाही. याचे कारण केवळ साक्षरता नव्हे. १९३० पासून तुरुंगांत अ, ब, क असे वर्ग करण्यात आले आणि कोणाला कोणता वर्ग द्यावयाचा हे ठरविताना शिक्षण, सामाजिक दर्जा व राहणीची सवय पाहिली जाई. वरच्या वर्गाला कागद, पुस्तके आणि बरे अन्न; क वर्गाला दळण, खडी आणि सफाई. शिवाय वरच्या वर्गाच्या बराकीत स्वयंपाकास व झाडलोटीस क वर्गातलेच कैदी दिले जात. म्हणजे ज्याच्या हाती लेखणी होती त्याची कोठडी झाडणारा माणूस त्याच्या समोरच उभा होता. राजबंद्यांच्या आठवणींत हा माणूस डोकावतो. बहुधा एखाद्या प्रेमळ टोपणनावाने, एखाद्या विनोदी प्रसंगात. त्याने कोणता गुन्हा केला, त्याच्यामागे घरी कोण होते, शिक्षा संपल्यावर तो कोठे गेला, हे विचारण्याइतका तो महत्त्वाचा ठरत नाही.

याला अपवाद म्हणून बॅ. सावरकरांच्या ‘माझी जन्मठेप’चे नाव घेतले जाईल. नाशिक जिल्ह्यातील भगूरच्या या लेखकाने १९२७ साली प्रसिद्ध केलेल्या या ग्रंथात अंदमानचा नित्यक्रम खरोखरच तपशिलाने आला आहे. कोलू, काथ्याचे कूट, अन्न, शौचास जाण्यावरील बंधने, वॉर्डरांची दंडेली हे सर्व त्यात आहे आणि त्या दृष्टीने मराठीत या ग्रंथाची बरोबरी करणारे थोडेच. परंतु ग्रंथ पुढे सरकतो तसा लेखक कैद्यांकडे धर्माच्या संख्याबळाच्या दृष्टीने पाहू लागतो. कोण बाटला, कोणाची शुद्धी झाली, याचा हिशेब मोठी जागा व्यापतो आणि कोलूला जुंपलेला माणूस त्या हिशेबातील एक आकडा होतो. एवढे सांगून आम्ही पुढे जातो. या ग्रंथाची स्वतंत्र चर्चा हा या लेखाचा विषय नाही.

आमच्या चळवळीतील तुरुंगकथन शोधावयाचे तर ग्रंथालयापेक्षा माणसांकडे जावे लागते. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ या ग्रंथासाठी गावोगाव फिरून आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना बोलते केले, त्यास आता तीन दशकांहून अधिक काळ लोटला. नाशिकच्या खडकाळी भागात वाढलेल्या शांताबाई दाणी यांचे ‘रात्रंदिन आम्हां’ हे आत्मकथन १९९० साली आले. त्याचे शब्दांकन भावना भार्गवे यांनी केले. या दोन्ही पुस्तकांचा विषय तुरुंग नाही. तरीही सत्याग्रहाच्या ओघात तुरुंग येतो आणि तो वेगळ्याच रूपात येतो. राजबंद्यांच्या लेखनात तुरुंग ही एकांताची, चिंतनाची जागा असते. या स्त्रियांच्या आयुष्यात एकांत नावाची वस्तू घरीही नव्हती, तर ती तुरुंगात कोठून येणार? १९६४ च्या ६ डिसेंबरपासून सुरू झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात दादासाहेबांच्या हाकेसरशी लाखो माणसे तुरुंगात गेली, त्यांत स्त्रिया कडेवर मुले घेऊन गेल्या. ज्यांना बाहेर मजुरी केल्याशिवाय दुसऱ्या दिवशीचे अन्न नव्हते त्यांनी आपला रोजगार बुडवून तुरुंग पत्करला. त्यांच्यासाठी तुरुंगातील भाकरी हा तक्रारीचा विषय होता, तसाच हिशेबाचाही होता: मागे राहिलेल्यांनी काय खाल्ले असेल? चिंतनात रमणाऱ्या साहित्याला हा प्रश्न सुचत नाही.

अलीकडच्या काळात महाराष्ट्रातील कारागृहांविषयी जे लिहिले गेले त्यात मात्र तुरुंग स्वतः विषय झाला आहे. अरुण फरेरा यांचे ‘कलर्स ऑफ द केज’ (२०१४) नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहातील सुमारे पावणेपाच वर्षांचे कथन आहे. अंडासेलचे बांधकाम, मोजदाद, मुलाखतीची जाळी, न्यायालयाच्या तारखा, मनीऑर्डरीवर चालणारी कॅन्टीन हे सर्व ते हिशेबनिसाच्या थंडपणाने मांडतात, सोबत स्वतः काढलेली रेखाचित्रे देतात. २०११ साली सुटका होऊन दाराबाहेर पाऊल टाकताच साध्या वेशातील पोलिसांनी त्यांना पुन्हा उचलले, तो प्रसंगही ते आवाज न चढवता सांगतात. सुधा भारद्वाज यांचे ‘फ्रॉम फाशी यार्ड’ (२०२३) येरवड्याच्या स्त्री-विभागाविषयी आहे. कोठडीच्या गजांतून समोरच्या अंगणात दिसणाऱ्या स्त्रियांची त्यांनी लहान लहान शब्दचित्रे रेखाटली. प्रत्येकीस थोडीशीच जागा, परंतु कोणीही कोणाची पार्श्वभूमी नाही. राजबंदी कोठडी झाडणाऱ्याकडे जसा पाहत असे, त्याच्या बरोबर उलट दिशेने ही नजर आहे, आणि म्हणून आम्ही हे पुस्तक या सर्वांत वरचे मानतो. डॉ. आनंद तेलतुंबडे यांनी १४ एप्रिल २०२० रोजी, बाबासाहेबांच्या जयंतीच्या दिवशी, शरणागती पत्करली आणि २६ नोव्हेंबर २०२२ रोजी ते जामिनावर बाहेर आले. त्यांचे ‘द सेल अँड द सोल’ हे तुरुंगकथन २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. आंबेडकरी विचारवंताने लिहिलेले सविस्तर तुरुंगकथन म्हणून आमच्या वाचकांनी ते अवश्य पाहावे.

या तिन्ही पुस्तकांची मर्यादा त्यांच्या गुणांइतकीच स्पष्ट आहे. ती इंग्रजीत लिहिली गेली. ज्या बराकींविषयी ती बोलतात, तेथे मराठी, हिंदी, उर्दू, गोंडी बोलली जाते. आणि लेखक कितीही सहृदय असला तरी तो कायदा जाणणारा, बाहेर नाव असलेला कैदी आहे. अधिकारी त्याच्याशी वागताना चार वेळा विचार करतो. झाडू ज्याच्या हाती दिला जातो तो येथेही स्वतः लिहीत नाही; त्याच्याविषयी लिहिले जाते.

तो स्वतः बोलला तेव्हा काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. पत्रकार सुकन्या शांता यांनी २०२० च्या डिसेंबरमध्ये निरनिराळ्या राज्यांतील सुटून आलेल्या कैद्यांची कथने प्रसिद्ध केली. त्यांतील राजस्थानातील एका तरुण कच्च्या कैद्याचे कथन आमच्या मनातून जात नाही. दारावर त्याला आधी गुन्हा विचारला गेला आणि मग जात. तो विजेचे काम जाणणारा होता. परंतु त्याची जात कळल्यावर त्याच्याकडे संडास, व्हरांडे यांची सफाई आली आणि एके दिवशी मैल्याच्या टाकीत उतरावे लागले. या कथनात उपमा नाहीत, आत्मपरीक्षण नाही, अलंकार नाहीत. कोणी विचारले, काय विचारले, मग कोणते काम दिले, एवढाच क्रम आहे. साहित्याच्या रूढ कसोट्यांवर त्याला कोणी कलाकृती म्हणणार नाही. परंतु कार्यकारणाची साखळी इतक्या नेमकेपणाने उघडी करणारे गद्य आमच्या वाचनात फार थोडे आले आहे. हे असल्याने ते होते, ही प्रतीत्यसमुत्पादाची रीत ज्यांनी अभ्यासली आहे त्यांना या नेमकेपणाचे मोल निराळे सांगावयास नको. जात विचारली म्हणून काम ठरले. काम ठरले म्हणून तो टाकीत उतरला. प्रश्नच विचारला नसता तर पुढचे दोन्ही घडले नसते.

याच कथनांच्या आधारे त्यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. जातीवरून काम वाटणारे कारागृह-नियम संविधानाच्या १४, १५, १७, २१ आणि २३ या अनुच्छेदांशी विसंगत म्हणून रद्दबातल ठरविले, कैद्यांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकण्यास सांगितले आणि नियमपुस्तिका तीन महिन्यांत सुधारण्याचा आदेश दिला. पश्चिम बंगालच्या नियमपुस्तिकेत सफाईसाठी कोणत्या जाती निवडाव्यात याची नावानिशी यादी होती, हे निकालामुळे सर्वांना कळले. अप्पासाहेबांच्या उपोषणापासून या निकालापर्यंत ९२ वर्षे गेली. त्यांतील जवळजवळ ७५ वर्षे आपण बाबासाहेबांनी घडविलेल्या संविधानाखाली काढली आहेत.

बौद्ध अध्ययनाच्या नियतकालिकात ही चर्चा का, असे कोणी विचारील. बौद्ध वाङ्मयात तुरुंगाचा विषय निघाला की आमच्याकडेही एक ठरीव वाट आहे आणि ती अंगुलिमालापाशी जाते. कैदी म्हणजे अंगुलिमाल, धम्म म्हणजे त्याचे हृदयपरिवर्तन. नाशिक जिल्ह्यातील इगतपुरीहून देशभर पसरलेल्या विपश्यनेच्या कारागृह-शिबिरांचे वर्णन याच वाटेने होते. १९९४ च्या एप्रिलमध्ये तिहारमध्ये हजाराहून अधिक कैद्यांचे शिबिर झाले आणि त्याविषयीचा ‘डुइंग टाइम, डुइंग विपश्यना’ हा १९९७ चा माहितीपट जगभर दाखविला गेला. त्यात शिबिर संपल्यावर कैदी अधिकाऱ्यांच्या गळ्यात पडून रडतात. ते अश्रू खोटे आहेत असे आम्ही म्हणणार नाही. दहा दिवस शांत बसता येणे, हे गर्दीने भरलेल्या बराकीतील माणसाला किती मोठे वाटत असेल, याची कल्पना बाहेरच्याने करू नये.

परंतु ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातील कारागृहांत असलेल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ म्हणजे दर चौघांमागे तिघे कच्चे कैदी होते, ज्यांचा गुन्हा अद्याप शाबीत झालेला नव्हता. अंगुलिमालाने माणसे मारली होती, हे सुत्तात निर्विवाद आहे. ज्याने मारलेच नाही त्याच्या कथेला अंगुलिमालाचा साचा लावला तर आपण न्यायालयाच्या आधीच त्याला दोषी ठरवितो, आणि तेही करुणेच्या भाषेत. त्याच्या कथनातील पश्चात्तापाचा भाग आपण ऐकतो. वकील नव्हता, जामिनाची रक्कम नव्हती, तारखेला न्यायला पोलीस मिळाले नाहीत, हा भाग आपल्या कानांवरून जातो.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात बाबासाहेबांनी जी रचना केली ती येथे मार्गदर्शक आहे. अंगुलिमालाची धम्मदीक्षा त्यांनी पतित व गुन्हेगार यांच्या प्रकरणात घातली. झाडूवाला सुनीत, तसेच सोपाक व सुप्पिय, यांच्यासाठी दीनदलितांचे वेगळे प्रकरण केले. दोघेही संघात आले, दोघेही थोर झाले, तरी दोघांचे दुःख एक नव्हते. अंगुलिमालाला स्वतःच्या कृत्यांपासून मुक्ती हवी होती. सुनीताने काहीच केलेले नव्हते. त्याला इतरांनी लादलेल्या कामापासून व हीनत्वापासून मुक्ती हवी होती. तुरुंग ही अशी संस्था आहे की ती या दोन प्रकरणांची पाने एकमेकांत मिसळून टाकते. गरीब, जातीने खाली ढकललेला माणूस संशयावरून आत येतो, म्हणजे सुनीताला अंगुलिमाल केले जाते. आणि आत आल्यावर त्याच्या हाती झाडू देऊन त्याला पुन्हा सुनीत केले जाते. कैद्याचे कथन वाचताना त्यातील कोणते दुःख कोणत्या प्रकरणातले, हे वेगळे करता आले पाहिजे. आम्ही वर ज्या पुस्तकांचा विचार केला त्यांचा कस आम्ही याच दृष्टीने लावला आहे.

पालि वाङ्मयही सर्वत्र एकसुरी नाही, हे सांगणे अवश्य आहे. अंगुलिमालाच्या प्रव्रज्येमुळे लोक भयभीत झाले तेव्हा कुख्यात चोराला, आणि पुढे तुरुंग फोडून आलेल्याला, प्रव्रज्या देऊ नये असा नियम झाल्याचे महावग्गात नमूद आहे. संघाचे दार आणि राजाचा तुरुंग यांत तडजोड करावी लागली, ही गोष्ट झाकण्याचे कारण नाही. संयुत्त निकायात पसेनदि राजाने पुष्कळ लोकांना दोरांनी, बेड्यांनी, साखळदंडांनी बांधल्याची वार्ता भिक्षू तथागतांना सांगतात आणि तथागत तृष्णेचे बंधन याहून बळकट असल्याचे सांगतात. प्रवचनांत हा प्रसंग सांगताना लोखंडी बेडी जणू काहीच नव्हे असा सूर लागतो. तो उपदेश भिक्षूंना होता, बांधलेल्यांना नव्हे. लोखंडाचे दुःख खरे असल्याशिवाय ती तुलना उभीच राहत नाही. सामञ्ञफलसुत्तात पाच नीवरणांतून सुटलेल्याला तुरुंगातून सुखरूप सुटलेल्या माणसाची उपमा दिली आहे, आणि त्या माणसाच्या आनंदाचे एक कारण असे की त्याच्या मालमत्तेची हानी झालेली नाही. ही बारीक नोंद आमच्या टीकाकारांच्या नजरेतून सुटते. तुरुंग माणसाचे घरदार खातो, हे सुत्तकाराला ठाऊक होते. सात वर्षांनी निर्दोष सुटणाऱ्या आजच्या कच्च्या कैद्याची जमीन वकिलाच्या फीसाठी आधीच विकलेली असते. त्याला ती उपमा लागू पडत नाही.

आणि सम्राट अशोक. पाचव्या शिलालेखात धम्ममहामात्रांच्या कामांत कैद्यांची विचारपूस आहे. ज्याच्यामागे मुलेबाळे आहेत, जो पीडित आहे, जो वृद्ध आहे, त्याला साहाय्य करावे, त्याच्या बेड्या काढाव्यात, त्याला सोडावे, असे तेथे म्हटले आहे. धौली आणि जौगड येथील लेखांत माणसे विनाकारण बांधली जाऊ नयेत म्हणून अधिकाऱ्यांना बजावले आहे. हे किती पाळले गेले ते शिला सांगत नाही. परंतु राज्याने कैद्याला काय विचारावे, हे तेथे ठरलेले आहे. तुझ्यामागे घरी कोण आहे, हा तो प्रश्न. त्यानंतर बावीस शतकांनी तुरुंगाच्या दारावर विचारला जाणारा प्रश्न वेगळा होता.

निकालाने जातीचा रकाना काढावयास सांगितला आहे. देशभरच्या कैद्यांच्या वार्षिक आकडेवारीत धर्माचा तक्ता मात्र आहे; त्यात हिंदू, मुस्लिम, शीख, ख्रिश्चन अशी नावे आहेत आणि उरलेले सर्व ‘इतर’. महाराष्ट्रातील कारागृहांतले बौद्ध या ‘इतर’मध्ये आहेत. तेव्हा आमच्या माणसांचे तुरुंगातील दैनंदिन जीवन आकड्यांत शोधून सापडणार नाही. ते ऐकूनच घ्यावे लागेल.

नाशिक जिल्ह्यात, निफाड, दिंडोरी, येवला, सिन्नर या तालुक्यांत, १९६४-६५ च्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेली जी माणसे आज हयात आहेत त्यांचे वय ऐंशीच्या आसपास किंवा त्याहून अधिक आहे. आपल्या विहारांतून त्यांचे सत्कार होतात, शाल दिली जाते, किती दिवस तुरुंगात होता हे विचारले जाते आणि तो आकडा भाषणात सांगितला जातो. जे तरुण अभ्यासक त्यांच्याकडे जातील त्यांनी एवढ्यावर उठू नये. दारावर काय विचारले, पहिल्या रात्री झोपावयास जागा कोणाशेजारी मिळाली, लेकरू रडले तेव्हा दूध कोठून आले, स्वयंपाक कोण करीत होते, आणि सकाळी झाडू कोणाच्या हाती दिला गेला, हे विचारावे, आणि उत्तर ज्या बोलीत मिळेल त्याच बोलीत उतरवून घ्यावे.